पडीक माळ आणि पाचवी चिमणी

(सोलापूरच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

वय 43, लग्न झालेलं नाही. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात 16 वर्षं चेकिंगला होते. 3 वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि माझं काम सुटलं. दादा पुण्यात असतो. दर महिन्याला पैसे पाठवतो, नाताळला 2 दिवस येऊन जातो. चर्चमध्ये 14 वर्षं संडे स्कूल घेतलं. गेल्या जूनमध्ये समितीनं मला आधी न सांगता ते काम एका तरुण मुलीकडे दिलं आणि माझा शाल घालून सत्कार केला. सत्कार कसला, निरोपच तो. आता माझा कुणाला काही उपयोग उरला नाही. शेजारच्या मावशी पप्पांजवळ बसल्या की मी तासभर कंबर तलावाच्या काठी जाऊन बसते. तिथं कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटतं, जीव शांत होतो. उंबरा ओलांडून घरात आले की पुन्हा तेच. ‘तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलवान आहात’ हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं, पण मला स्वतःला ते लागू पडत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. माझा विश्वास खोटा आहे का? आणि चर्चपेक्षा तलावावर देव जवळचा वाटतो, हे चुकतंय का?

ताई, सलाम.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येऊच. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात दुसरा विषय काढलात. त्या ओळीवर आधी थांबायला हवं.

असं वाटणं 2 आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल, पहाटे 3-4 ला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं बाह्यरुग्ण केसपेपर काढा. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-12 या तपासण्या करून घ्यायच्या का, तेही विचारा. चाळिशीतल्या, दुसऱ्याचं करता करता स्वतःचं जेवण उभ्याउभ्या उरकणाऱ्या बायकांत यातलं काहीतरी कमी निघणं नवीन नाही, आणि त्यानं मन खचल्यासारखंच वाटतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर फरक जाणवायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. रात्री-अपरात्री तो विचार जोर करायला लागला तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि मावशींना त्याच वेळी हाक मारा, सकाळची वाट बघू नका.

यात विश्वास कमी पडल्याचा संबंध लावू नका. बायबलमधला 1 राजे 19 उघडा. एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. त्यावर देव त्याला वचन ऐकवत नाही, रागवतही नाही. आधी झोपू देतो, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. ‘तू इथं काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर, 40 दिवसांची वाट चालून झाल्यावर येतो. सलग झोप नाही, पोटात वेळेवर अन्न नाही, अशा अवस्थेत आत्म्याच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःकडून वसूल करायला जाऊ नका.

आता तुमच्या मुद्द्याकडे येऊ. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं कामाबद्दल आहे. चेकिंगला होते, संडे स्कूल घेत होते, आता उपयोग उरला नाही. माणसाचं मोल त्याच्या उपयोगावर ठरतं, हे तुम्ही गृहीतच धरलंय. मग हेच माप पप्पांना लावून बघा. 3 वर्षं ते अंथरुणावर आहेत. घरात एक रुपया आणत नाहीत, कदाचित नीट बोलताही येत नसेल. तरी पाठीला जखम होऊ नये म्हणून दर 2 तासांनी तुम्ही त्यांची कूस बदलता, रात्रीसुद्धा. त्यांचा उपयोग किती, याचा हिशेब करून तुम्ही उठता का? तो विचार मनाला शिवतसुद्धा नाही. म्हणजे मोल उपयोगावर ठरत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे आणि रोज रात्री ते तुम्ही हातांनी करून दाखवता. जुनं माप तुम्ही फक्त एका माणसासाठी राखून ठेवलंय, स्वतःसाठी. ते कुठून आलं असेल याचाही विचार करा. ज्या ठिकाणी 16 वर्षं दिवसाला किती नग तपासले ते लिहून ठेवावं लागत होतं, तिथून ते बरोबर घरी आलं असणं शक्य आहे.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. या घडीपर्यंत मार्कच्या शुभवर्तमानात येशूनं एकही प्रवचन केलेलं नाही, एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. संतोष आधी, काम मागून. तुम्ही हा क्रम उलटा लावून बसला आहात, म्हणून काम गेल्यावर सगळंच गेल्यासारखं वाटतंय.

चिमणीच्या वचनाचंही असंच काहीसं झालंय. 14 वर्षं ते तुम्ही शिकवण्यासाठी वाचलंत. वाचताना लक्ष मुलांकडे होतं. कोण चुळबुळ करतंय, कुणाचं पाठ झालं, पुढच्या रविवारी चित्र कुठलं आणायचं, हे डोक्यात चालू. शिवाय पाठांतरासाठी आपण त्याचं शेवटचं वाक्य तेवढं कापून घेतो. आता ते सबंध वाचा आणि मत्तय व लूक शेजारी शेजारी ठेवून वाचा. मत्तय 10:29 मध्ये 2 चिमण्या 1 दमडीला आहेत. लूक 12:6 मध्ये 5 चिमण्या 2 दमड्यांना. सरळ हिशेबानं 2 दमड्यांना 4 यायला हव्यात. पाचवी वर टाकलेली आहे, भाजीवाली पिशवीत शेवटी कढीपत्त्याची काडी टाकते तशी. ती दमडी म्हणजे त्या काळच्या रोमी दीनाराचा सोळावा हिस्सा, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. आज दिवसाची मजुरी 480 रुपये धरली तर 30 रुपयांना 2 चिमण्या आणि 60 रुपयांना 5. बाजारात पाचवीची किंमत काहीच नाही. आणि लूकमध्ये येशू म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे पाचवीचाही नाही.

आणखी 2 गोष्टी या वचनात आहेत आणि त्या सहसा शिकवल्या जात नाहीत. एक म्हणजे चिमणी जमिनीवर पडते. पडणार नाही, असं आश्वासन तिथं नाही. पित्यावाचून पडत नाही, एवढंच आहे. हे शब्द येशू शिष्यांना संकटात पाठवताना बोलतो, सुखात बसलेल्यांना नाही. तेव्हा दुःख झालं, काम गेलं, म्हणजे वचन लागू पडलं नाही असं होत नाही. दुसरी गोष्ट, तुलना चिमण्यांशी आहे. त्या तरुण मुलीशी नाही, दादाशी नाही, संसारात रमलेल्या मैत्रिणींशी नाही. ‘पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलवान’ हे वाचताना आपलं मन पटकन चिमण्यांच्या जागी माणसं घालतं, आणि मग अर्थातच ते खोटं वाटायला लागतं.

तलावावरच्या शांतीबद्दल. ती खरी आहे, तिला कमी लेखू नका. तिथं खंड्या, बगळे, पाणकोंबडी, शेकाट्या यांतल्या कुणालाही तुमच्याकडून काही नको असतं. दिवसभरात तुमच्याकडे वळणारी प्रत्येक नजर काहीतरी मागणारी असते, म्हणून ती न मागणारी तासभराची जागा अंगाला लागते. पण या शांतीकडून एक अपेक्षा ठेवू नका. ती घरापर्यंत टिकली नाही म्हणून खोटी ठरत नाही. जेवणही संध्याकाळपर्यंत टिकत नाहीच, आपण पुन्हा जेवतो.

तलावाइतकीच, किंबहुना तुमच्या प्रश्नाला जास्त जवळची जागा आपल्या जिल्ह्यात आहे, ती म्हणजे माळ. महसुली कागदावर त्याची नोंद पडीक, नाहीतर पोटखराबा. मुरमाड जमीन, वर वीतभर मातीही नाही, पाऊस बेताचा, पीक येत नाही. आणि याच जमिनीवर काळवीट, लांडगा आणि धाविक, पखाली, माळटिटवी हे पक्षी जगतात. याच जमिनीसाठी 1979 साली नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. माळढोक आता तिथं दिसणं फार दुर्मिळ झालंय, त्याचं दुःख मोठं आहे. त्याच्या कारणांतलं एक तुमच्यासारखीनं मुद्दाम समजून घ्यावं. ओसाड जागा कामाला लावायची म्हणून माळावर झाडं लावली की, उघड्यावर लांबवर नजर ठेवून जगणारे हे पक्षी तिथून उठून जातात. जागा रिकामी कधी नव्हतीच, मोजणाऱ्याच्या रकान्यात तिच्यासाठी घर नव्हतं.

ईयोब 38:26-27 हे याच जोडीनं वाचावं. ईयोब सगळं गमावून देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याला विचारतो की जिथं कुणी माणूस राहत नाही त्या ओसाड भूमीवर पाऊस कोण पाडतो, तिथं कोवळं गवत कोण उगवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो पाऊस वाया गेला. देव मात्र त्याचा उल्लेख अभिमानानं करतो. त्याच भाषणात पुढे रानगाढव येतं, आपली अंडी जमिनीवर टाकणारी शहामृगी येते, कावळ्याची भुकेली पिल्लं येतात. माणसाच्या कामाचा यांतला एकही प्राणी नाही. लूक 12:24 मध्ये येशूही कावळेच दाखवतो, आणि मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. ऐकणाऱ्या यहुद्यांना ते माहीत होतं.

इथं एक काळजी घ्या. निसर्ग तुम्हाला प्रमाणपत्र देणार नाही. माळावर खाटीक पक्षी किडा काट्याला टोचून ठेवतो, दुष्काळात काळविटांची पाडसं मरतात. नुसत्या निसर्गाकडे बघून ‘मी प्रिय आहे’ असा निष्कर्ष निघत नाही. ते सांगणारा दुसरा आहे. माळावर गेल्यानं त्याचं बोलणं ऐकू यायला मोकळीक मिळते, आणि ज्या चिमण्या-गवताबद्दल तो बोलतोय ते डोळ्यांसमोर असतं.

आता हे करायचं कसं.

आठवड्यातून एक खेप पुरे, 40 मिनिटांची. तलाव जवळ आहे म्हणून तोच धरा; हिवाळ्यात कुणी सोबत असेल तर तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याचा तलाव, नाहीतर नान्नज. जानेवारीत सोलापुरात सूर्य 7 च्या सुमाराला उगवतो, मे महिन्यात सहाच्या जरा आधी. एप्रिल-मेमध्ये 8 च्या आत घरी परतायचं, नंतरच्या उन्हात डोकं दुखून दिवस जातो. फार आडबाजूला एकटीनं बसू नका. चार फिरणारी माणसं दिसतील अशी जागा धरा आणि मावशींना परतायची वेळ सांगून निघा. सूर्य पाठीशी ठेवून बसलं की समोरचा पक्षी उजेडात दिसतो, नाहीतर नुसती काळी सावली. कपडे फिकट, मातकट रंगाचे. पहिली 10-15 मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात. बरीच माणसं नेमकी तेव्हाच कंटाळून उठतात. तुम्ही थांबा, ते आपापल्या कामाला लागतात.

मग एकाच गोष्टीकडे बघा. माळ असेल तर डोंबारी चंडोल शोधा, तो आकारानं चिमणीएवढाच. नराचं डोकं राखी, पोट आणि डोळ्यामागची पट्टी काळी. विणीच्या दिवसांत तो पंख फडफडवत सरळ वर चढतो, एकदम पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार तोच उसळी घेऊन पुन्हा वर, आणि प्रत्येक सुरकांडीबरोबर लांबलचक शीळ. उन्हाळ्यात माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते आणि ऊन चढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन त्यांवर बसते. पक्षी नसेल तर ऑक्टोबरनंतर एक कुसळ खुडा आणि त्याच्या पिळाला ओलं बोट लावा. ते तळहातावर वळवळायला लागतं. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःच स्वतःला जमिनीत रोवून घेतं. याच कारणानं माळावर जाताना मोजे घालू नका, कुसळं मोज्यात घुसली की दिवसभर टोचतात.

शेवटची 10 मिनिटं वचनासाठी. महिनाभर 4 उतारे पुरतात, आठवड्याला एक, तोच तो. लूक 12:1-34, मग ईयोब 38 आणि 39, मग 1 राजे 19, मग मार्क 1:1-39. सुटं वचन निवडून वाचू नका, उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत, हलक्या आवाजात. वाचून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: यात देव कुणाकडे बघतोय? ‘मी यातून काय शिकवू’ हा प्रश्न जुन्या सवयीनं पुढं येईल, तो आला की पुन्हा उताऱ्याकडे वळा. प्रार्थना सुचली नाही तर गप्प बसा, तेही चालतं.

यात 3 ठिकाणी गाडी घसरते. पहिलं, खूण मागणं: आज पक्षी माझ्याजवळ आला तर देवाचं माझ्यावर प्रेम आहे. पक्षी येणं वाऱ्यावर, किड्यांवर, मांजरावर अवलंबून असतं. न आलेल्या दिवशी तुम्ही विनाकारण खचाल. दुसरं, किती जाती पाहिल्या याची वही करणं, फोटो काढून गटावर टाकणं. एरवी त्यात वावगं काही नाही, पण तुमच्या बाबतीत ती नग मोजायची सवय पुन्हा सुरू होईल. फोन आवाज चालू ठेवून पिशवीत, मावशींचा आला तर कळावा एवढ्यापुरता. तिसरं म्हणजे पप्पांना सोडून आल्याची टोचणी. ती लगेच जाणार नाही. मार्क 1:35 मध्ये येशू पहाटेच उठून एकांती जातो आणि मागं कफर्णहूम गावात आजारी माणसांची रीघ असते. शिष्य शोधत येऊन म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. तरी तो गेलेला असतो.

आठवड्यात ज्या दिवशी बाहेर पडणं जमणार नाही त्या दिवसांसाठी घरीच सोय करा. मातीची पसरट थाळी घ्या, पाणी दीड इंचाहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे चिमणीला पाय टेकता येतो. मांजराची उडी पोचणार नाही अशा उंचीवर, सावलीत, आणि पप्पांच्या पलंगावरून मान न वळवता दिसेल अशा खिडकीबाहेर. उन्हाळ्यात पाणी रोज बदला, 2-3 दिवसांनी थाळी काथ्यानं घासा, साबण नको. शेजारी मूठभर बाजरी किंवा ज्वारीची कणी. फरसाण, खारे शेंगदाणे, तेलातला भात घालू नका. पहिले 8-15 दिवस कुणी फिरकत नाही, चिमण्या लांबून अंदाज घेत असतात. घरट्यासाठी पेटी लावायची असेल तर भोक सव्वा इंचाचं, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. पिल्लं असताना आई-बाप दाण्याकडे कमी फिरकले तर नवल नाही, कारण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या-किडे लागतात. कुंडीत मेथी-कोथिंबीर असेल तर त्यावर औषध फवारू नका. 25-30 ग्रॅमचा तो जीव पप्पा आणि तुम्ही एकत्र बघाल, तेवढा वेळ औषध-पाण्याशिवायचा दोघांचा एखादा विषय होईल.

तुमचा दुसरा प्रश्न, तलावावर देव जवळचा वाटतो तो. यात चूक काही नाही. स्तोत्र 8 आणि 104 लिहिणारे उघड्या आभाळाखालीच बोलत होते. पण चर्च सोडायचा विचार मनात असेल तर थांबा. चर्च लांब वाटतंय ते तिथं जखम झालीय म्हणून. आणि तलाव कितीही शांत असला तरी तो तुमच्या घरी डबा घेऊन येणार नाही, तुमचं नाव घेऊन प्रार्थना करणार नाही. रविवारी उपासना सुटल्यावर अंगणातल्या गर्दीत नको. पाळकसाहेबांकडे मधल्या वारी 15 मिनिटं वेगळी मागा आणि सरळ सांगा: ‘काम काढून घेतल्याचं मला आधी कुणी सांगितलं नाही. सत्काराच्या दिवशी कळलं. मला फार लागलं.’ एवढं म्हणून थांबा. ‘तसं काही नाही, चांगलंच झालं’ अशी सारवासारव तुम्हीच करू नका. कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल की पप्पांमुळे तुमच्यावरचा भार कमी करावा, आणि विचारायचं राहून गेलं. कदाचित कारण वेगळं असेल. विचारल्याशिवाय दोन्ही कळणार नाही.

त्याच भेटीत 2 गोष्टी मागा. महिन्यातून एकदा घरी येऊन पप्पांना प्रभुभोजन द्यावं, आणि महिला मंडळातली एखादी भगिनी आठवड्यातून एका दुपारी 2 तास त्यांच्याजवळ बसावी. मागताना जीभ अडखळेल. 14 वर्षं तुम्ही देणाऱ्यांत होतात. योहान 13 मध्ये पेत्रही पाय धुवून घ्यायला तयार नव्हता. मुलांना घेऊन माळावर जावं, असंही काही तुमच्या मनात येईल. कल्पना चांगलीच आहे, पण 6 महिने ती काढू नका. आधी कुठलंही काम हाती नसताना देवापुढं बसायची सवय होऊ द्या.

राहिला दादा. पैसे पाठवतो म्हणजे त्याला काळजी आहे. फक्त त्याला कुणी नेमकं काही सांगितलेलं नाही. ‘तू येतच नाहीस’ यावर भांडण होतं, तारीख-वार सांगितला की उत्तर द्यावं लागतं. असं लिहा: ‘दादा, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये. रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत पप्पांचं तू बघायचंस. मला एवढं हवंच आहे.’ त्याला भीती वाटेल ती चुकण्याची, म्हणून भिंतीवर एक कागद चिकटवा. औषधांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा आणि कुठल्या कुशीवर, भरवताना पाठ सरळ टेकवून बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. टाचा आणि माकडहाडाची जागा लाल दिसते का हे रोज बघायचं. दादा पहिल्यांदा येईल त्या रात्री सकाळी माळावर जायचं ठरवून गजर लावू नका. दुसऱ्या खोलीत दार लावून सलग झोपा. माळ पुढच्या खेपेला.